अण्णांच्या विहिरीतला दगड

प्रिय दिग्या,

सात महिन्यांत एक ओळ नाही, रागावला असशील. गुडघा बरा आहे, आईचा बीपीही आटोक्यात. लिहायचं कारण वेगळंच आहे. अण्णांच्या विहिरीतला स्कोलेसाइट, तो सुयांसारख्या स्फटिकांचा झुबका, माझ्या हातून गेला रे.

बुडाशी जाड कॅल्साइट होता, आठवतो ना? सुयांचा अर्धा झुबका त्याच्याखाली दबलेला. तो मोकळा करून तू येशील तेव्हा तुझ्या हातात ठेवायचा, असं मनात होतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड पातळ करून ट्रेमध्ये ओतलं, पीस आत ठेवला. बुडबुडे सुटले, कॅल्साइट विरघळू लागला. थोडा राहिला म्हणून रात्रभर तसाच सोडला. सकाळी बुडालेल्या सुया दुधट झाल्या होत्या. बोट लावलं तर टोकं मऊ, साबुदाण्याच्या खिरीसारखी बुळबुळीत. नळाखाली धरल्या आणि गळून गेल्या.

ॲसिडमध्ये स्कोलेसाइटची जेली होते, हे तू मला पुण्यातल्या पाषाणच्या खाणीवर बजावलं होतंस. मी ऐकलं नाही, कारण तासाभरापूर्वीच आपलं वाजलं होतं. हिरव्या ॲपोफिलाइटला मी झिओलाइट म्हणालो, आणि तू थेट बसस्टॉपपर्यंत ‘झिओलाइटमध्ये ॲल्युमिनियम असतंच, यात कुठाय, दाखव’ करत माझ्यामागे आलास. तेव्हाही तुझंच बरोबर होतं. तो हिरवा तुकडा मात्र परत मागू नकोस, मिळणार नाही.

रात्री झोप लागत नाही. डोळ्यांपुढे तो दिवस येतो. मुरूम संपला, पोकळ्यांचा मांजऱ्या खडक लागला, सुरुंगानंतर धूर बसला आणि अण्णा स्वतः खाली उतरले. टॉवेलात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा त्यांनी तो वर आणला. पाणी लागलेलं नव्हतं, डोक्यावर कर्ज होतं, तरी चेहरा काय फुलला होता! हा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि असे स्फटिक धरले, हे तू समजावलंस. तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पाणी इथे येऊन गेलंय. परत येईल.” आता ते नाहीत, आणि त्यांच्या हाताचा दगड मी असा करून बसलो.

ट्रे उथळ होता म्हणून वरचा भाग वाचला. अबोली रंगाच्या स्टिल्बाइट स्फटिकांच्या तिन्ही पेंढ्या शाबूत आहेत. त्यांच्यामागे स्कोलेसाइटच्या नऊ सुया उभ्या आहेत. भिंगाखाली पुन्हा पुन्हा मोजल्या. बेकिंग सोड्याच्या पाण्यात ठेवून मग आठवडाभर साधं पाणी बदलत राहिलो. आता ब्रशसुद्धा लावत नाही.

तुझी नवी नोकरी कशी चाललीय? चिनूचे दात आले का? वहिनींना नमस्कार.

काकूंना अजून काही बोललो नाही. परवा त्यांनी फोनवर विचारलं, “अण्णांचा दगड नीट आहे ना?” मी हो म्हणालो, आणि तेच जास्त टोचतंय. त्यांना मी सांगू, की तू आल्यावर दोघांनी मिळून जायचं? तू म्हणशील तसं करतो. पीस कापसात ठेवलाय, तुझ्या नावाची चिठ्ठी अजून त्यावरच आहे.

तुझा,
बाळ्या