लोभ फक्त डब्यातच दिसला का?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला याउंदेच्या आगीवरचा 'लोभाचा भडका' हा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, घाईत माझ्याच काही ओळी सुटल्या असतील. सुटल्या नव्हत्या. कॅमेरूनच्या याउंदे शहरात 14 फेब्रुवारी 1998 ला रेल्वेच्या इंधनाच्या वाघिणी धडकल्या, न्साम भागात तेल वाहिलं, लोक बादल्या घेऊन धावले, कुणाच्या तरी सिगारेटनं पेट घेतला आणि शंभरावर माणसं गेली. मान्य. पण वाघिणी धडकल्या कशा याला अर्धं वाक्य, आणि बादल्यांना दोन रकाने? 'फुकटाची हाव' हे शब्द चार वेळा आलेत. मी मोजलेत.

तर त्या हावऱ्यांमधला एक मीही आहे.

आमचं गाव पारोळ्याजवळ, तेव्हाच्या सहा नंबर हायवेला लागून. मी पाचवीत असेन. ऐन मे महिन्यात दुपारी घासलेटचा टँकर नाल्यात कलंडला. रेशनचं घासलेट तेव्हा पंधरवड्यात संपायचं, पुढचे पंधरा दिवस चिमणीची वात खाली करून बसायचं. बातमी आली तशी आई म्हणाली, "बठ्ठा भरी ऱ्हायनात, तू काय दखी ऱ्हायना?" कळशीत पाणी होतं. ते तिनं फेकलं नाही, रांजणात ओतलं, तळाचा घोटभर तुळशीला घातला आणि कळशी माझ्या हातात दिली. तिला हावरी म्हणायचं असेल तर लेखकमहाशयांनी एकदा पारोळ्याला यावं, चहा पाजीन आणि मग बोलू.

नाल्यात अर्धं गाव उतरलं होतं. बायका लोट्यानं घासलेट उपसून हंड्यात ओतत होत्या, पोरांचे पाय घोट्यापर्यंत तेलात. टँकरचा क्लीनर, जेमतेम अठरा-वीसचा पोरगा, डोक्याला टॉवेल बांधलेला, टॉवेल लाल झालेला, तो एकटाच काठावरून ओरडत होता. हिंदीत ओरडत होता, कुणी लक्ष देईना. आमचे शेजारी आप्पा कानावर बिडी खोचून खाली उतरत होते. त्या क्लीनरनं धावत येऊन ती बिडी हिसकावली, बंडीच्या खिशातली काडेपेटीही काढली आणि दोन्ही शेतात भिरकावली. आप्पा त्याला मारायलाच निघाले होते, लोकांनी धरलं म्हणून. पोलीस, तेलवाले वगैरे साहेब मंडळी उजेड मावळल्यावर आली. तोवर भरायला फक्त चिखल उरला होता. आमच्या कळशीतलं घासलेट आईनं जुन्या लुगड्याच्या फडक्यानं तीनदा गाळलं, तरी दिवाळीपर्यंत चिमणी तडतडत होती. त्याच उजेडात मी पाढे पाठ केले.

आम्ही वाचलो ते शहाणे होतो म्हणून नाही. ते घासलेट होतं, पेट्रोल नव्हतं, आणि तो पोरगा होता, एवढंच. मी 31 वर्षं गॅरेज चालवतो. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्याकडच्या पंचेचाळीसच्या उन्हात काय करत असेल? ही वाफ हवेपेक्षा जड. वर जात नाही, गटारीत, खड्ड्यात बसते, जमिनीलगत पसरत राहते. माझ्याकडचा पोऱ्या एकदा दारापाशी ट्रेमध्ये कार्बोरेटर धूत होता आणि पार मागच्या कोपऱ्यात वेल्डिंगची ठिणगी पडली. निळसर ज्योत फरशीवरून सरपटत ट्रेकडे गेली, अगदी ठिकाण माहीत असल्यासारखी. पोऱ्या मागे झाला, भुवया गेल्या. सांगायचं एवढंच की पेटवणारा गर्दीत असावाच लागतो असं नाही. पण ही माहिती दिली असती तर 'हाव' लिहायला जागा कमी पडली असती.

आणि जिथं बादली घेऊन कुणी आलंच नाही तिथं काय म्हणणार? कॅनडातल्या लाक-मेगांतिकला 6 जुलै 2013 च्या मध्यरात्री कच्च्या तेलाची 72 टाक्यांची गाडी उतारावरून आपोआप सुटून भर गावात शिरली. रात्री इंजिनात आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं, त्यामुळे ब्रेकमधली हवा हळूहळू उतरत गेली, आणि हातब्रेक पुरेसे लावलेले नव्हते. गाडीवर माणूस नाही. 47 मेले. इटलीत व्हियारेज्जोला 2009 मध्ये गॅसच्या वाघिणीचा आस तुटला आणि 32 गेले, त्यातले कितीतरी आपापल्या घरात होते. ते कुठला डबा घेऊन धावले होते?

मेलेल्यांनाच दोष द्यायचा, हेच आपल्याकडे पाचोऱ्याजवळ परधाड्याला 22 जानेवारी 2025 च्या अपघातानंतर झालं. पुष्पक एक्सप्रेसला आग लागल्याची अफवा, लोक रुळांवर उतरले, कर्नाटक एक्सप्रेस अंगावरून गेली. दुसऱ्या दिवशी चावडीवर एकच शब्द, 'मूर्ख लोक'. डब्यात धूर दिसल्यावर खाली न उतरता बसून राहणारे किती शहाणे आपल्यात आहेत ते मला बघायचंय.

जाता जाता, याच अंकात पान 5 वर पारोळा पुन्हा धुळे जिल्ह्यात टाकलंय. यंदाची ही तिसरी खेप. धुळ्याची बस पकडत असलो तरी आम्ही जळगाव जिल्ह्यातच आहोत, सातबाऱ्यावर तसंच लिहिलेलं आहे.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नका. आप्पा पंचाऐंशीचे झालेत, रोज पेपर वाचतात आणि त्या बिडीचा राग अजून गेलेला नाही.

आपला,
एक गॅरेजवाला, पारोळा (जि. जळगाव)