फ, प्रश्न विचारल्यासारखा

सॅन होजे, कॅलिफोर्निया
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिन्या,

तीन महिने फोन उचलला नाही म्हणून तू ज्या शिव्या घातल्यास त्या सगळ्या पोचल्या. बरोबरच होत्या. फोनवर सांगायला गेलो असतो तर आवाज फुटला असता, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

२० ऑगस्टला माझी नोकरी गेली. सकाळी नऊच्या मीटिंगला बसलो आणि सव्वानऊला लॅपटॉपच उघडेना. माझ्यासारख्या व्हिसावाल्याला अशा वेळी साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी नाही धरली तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. घाबरू नकोस, चव्वेचाळिसाव्या दिवशी लागली नोकरी. ते रामायण भेटल्यावर. आज तुला सांगायचंय ते एका रश्श्याचं.

पहिले चार दिवस घरी सांगायची छातीच झाली नाही. रोजच्यासारखा आठला डबा घेऊन बाहेर पडायचो. आता जायचं कुठं? पहिल्या दिवशी गाडी आपोआप स्टोरी रोडला वळली. हा आमच्याकडचा व्हिएतनामी भाग. व्हिएतनामबाहेर जगातल्या कुठल्याही एका शहरात नसतील एवढे व्हिएतनामी लोक या सॅन होजेत राहतात. सकाळी साडेआठला एक दुकान उघडं होतं आणि आत म्हातारी माणसं वाडग्यात तोंड घालून सुर्रसुर्र करत बसली होती. मला वाटलं, हे काय जेवायची वेळ नसताना! मग कळलं की ती त्यांची न्याहारी. आपण नाही का सकाळी आठला कट घातलेली मिसळ हाणतो, तसंच.

वाडग्यात होता तो तांदळाच्या पट्ट्या सोडलेला रस्सा. पाटीवर त्याचं नाव लिहिलेलं असतं ‘फो’, पण तसं म्हटलं की हसतात. बाराखडीतला नुसता ‘फ’ घे, जरा लांबव आणि शेवटाला प्रश्न विचारल्यासारखा उचल. ‘फअ?’ झालं. मी लिहिताना फोच लिहितो, तू मनात नीट म्हण.

दुकान म्हणजे आपल्या एसटी स्टँडासमोरच्या खानावळीचा चुलतभाऊ. काचेखाली मेनूकार्ड, टेबलाच्या कडेला डब्यात खोचलेल्या काड्या आणि चमचे, भिंतीवर कुठल्या तरी तांदूळवाल्यानं फुकट वाटलेलं कॅलेंडर. गल्ल्यापाशी तांबडा देव्हारा, तोही चक्क जमिनीवर! एक देव भूमीचा, एक धनाचा. त्यांच्यापुढं संत्री, उदबत्ती आणि कपभर कॉफी. अंबाबाईला आपण कधी कॉफी ठेवली नाही बघ. बसलं की न मागता गरम चहाची किटली येते, बिल गल्ल्यावर जाऊन द्यायचं आणि ‘जेवण कसं वाटलं’ म्हणून कुणी दात दाखवत येत नाही. त्या दिवसांत मला नेमकं तेच हवं होतं. कुणी काही विचारू नये, आणि समोर काहीतरी गरम असावं.

मेनू वाचायला घेतला तर सगळा गाईचा कारभार. मांस, चरबी, स्नायू, आणि कच्च्या मांसाचे कागदासारखे काप, जे वाडग्यातल्या कढत रश्श्यातच शिजतात. मी अडखळलो. तेवढ्यात मालकीणबाई आली आणि माझ्याकडं बघून नुसतं म्हणाली, “गा?” गा म्हणजे कोंबडी. मान हलवली.

याचीही गंमत आहे. मुळात व्हिएतनामात बैल नांगराचा, खायचा नव्हे. फ्रेंच आले, त्यांना गोमांस लागायचं, मग हाडं उरायला लागली आणि उत्तरेतल्या हनोई, नाम दिन्हकडच्या लोकांनी त्या हाडांचा रस्सा करून त्यात तांदळाच्या पट्ट्या सोडल्या. ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. पुढं १९३९मध्ये सरकारनं सोमवारी आणि शुक्रवारी गोमांस विकायला बंदी घातली, तेव्हा फोवाल्यांनी कोंबडी धरली. सोमवार पाळणारा मी, माझ्या नशिबी सोमवारच्या बंदीतून निघालेलाच पदार्थ यावा! (हो, सोमवार सोडूनच खातो. आईला सांगू नकोस की एका सोमवारी चुकलं.)

वाडगा आला. केवढा म्हणशील तर आपल्या कणीक मळायच्या परातीचा धाकटा भाऊ. सोबत ताटलीत मोड आलेले मूग, लिंबाची फोड, हिरव्या मिरचीच्या चकत्या आणि बडीशेपेच्या वासाची त्यांची तुळस, देठासकट. मी सवयीनं लाल सॉसची बाटली उचलून वाडग्यावर उलटी करणार, तेवढ्यात बाईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, “आधी पी.” सॉस बाजूच्या बशीत काढ, तुकडे त्यात बुडव, रस्सा नासवू नकोस.

प्यायलो. दिन्या, पहिल्या घोटाला वास आला तो तुमच्या मागच्या दारच्या चुलीचा. काकू अख्खा कांदा सालीसकट निखाऱ्यात सारायच्या आणि तो काळा होऊन आतून मधासारखा व्हायचा, तो वास! इथं येऊन चौदा वर्षं झाली, तो मला कुठंच भेटला नव्हता. नंतर कळलं, ही मंडळी कांदा आणि आलं असंच जाळावर करपवून हाडांच्या पाण्यात टाकतात. मग चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलदोडा आणि खडीसाखर. म्हणजे आपलाच मसाल्याचा डबा, फक्त वाटण नाही. खारटपणाला मासळीचं पाणी. बंद डोळ्यांनी पी, बाटलीचा वास घेऊ नकोस. तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर रस्सा गढूळ होतो. तळ दिसला पाहिजे, हा त्यांचा अभिमान.

त्या लाल सॉसचं म्हणशील तर कोंबड्याचं चित्र असलेल्या त्या बाटलीचा मालक डेव्हिड ट्रॅन हाही निर्वासितच. १९७८मध्ये ज्या जहाजातून तो व्हिएतनामबाहेर पडला, त्याचंच नाव त्यानं १९८०मध्ये लॉस एंजेलिसला काढलेल्या कंपनीला दिलं. तिखटात मात्र आपल्या ठेच्यापुढं ते शाळकरी पोर.

मी रोज जायला लागलो. घरी सांगून झाल्यावरही. कोपऱ्यातल्या टेबलावर अर्ज भरत बसायचो आणि बाई एकदाही ‘उठा’ म्हणाली नाही. तिचं नाव मला अजून माहीत नाही. सगळे ‘को’ म्हणतात, को म्हणजे आत्या. त्यांच्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं कामच नाही, समोरच्याचं वय बघायचं आणि नातं लावून मोकळं व्हायचं. आपण रिक्षावाल्याला मामा म्हणतो तसं. मला ती ‘एम’ म्हणायला लागली, म्हणजे धाकटा भाऊ. बेचाळिसाव्या वर्षी धाकटा झालो.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बसली समोर. तिचा बाप उत्तरेचा. १९५४ला देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा लाखो लोक दक्षिणेला गेले, त्यांत तोही होता. फोही त्यांच्याबरोबर गेला आणि सायगावात जाऊन गोडसर झाला. ही मुगाची, तुळशीची ताटली दक्षिणेची. बाप मरेपर्यंत त्या ताटलीला हात लावायचा नाही. म्हणायचा, “हा पाला बकरीला घाला.” मग १९७५ला सायगाव उत्तरेच्या हाती पडलं आणि चार वर्षांनी ही होडीतून निघाली, नऊ वर्षांची. होडीतलं काही सांगितलं नाही तिनं, मीही विचारलं नाही. पुसायचं फडकं उचलून उठली.

एवढं सोसलेल्या बाईपुढं मी माझ्या नोकरीचं रडगाणं लावणार होतो, गिळलं. पण खरं सांगू, त्यानं माझं दुःख काही कमी झालं नाही. हप्ता तेवढाच होता.

नोकरी लागली त्या दिवशी सांगायला गेलो. तिनं फुकट कॉफी दिली, आटवलेल्या गोड दुधात गाळणीतून थेंब थेंब पडणारी काळीकुट्ट, वर बर्फ. त्या नादात मी तिला पांढऱ्या रश्श्याचं सांगत सुटलो. मटणाचं पाणी, खसखस, काजू, नारळाचं दूध. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: उकळत्या पाण्यात नारळाचं दूध फाटत नाही?

मला सांगता येईना रे. चाळीस वर्षं प्यायलो, केला कधी नाही.

तर काकूंना विचारून लगेच कळव. दूध कधी घालायचं, आच किती, ढवळत राहायचं का. आणि माप वाटीत सांगायला लाव. ‘अंदाजानं’ म्हणाल्या तर ऐकू नकोस, पुढच्या शनिवारी मला ‘को’ला सांगायचंय.

तुझा,
सुहास