नानांच्या अंगात साचलेल्या लोहाबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू विचारलंस, नानांचं हिमोग्लोबिन सातच्या वर टिकत नाही आणि फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) मात्र अडीच हजारांवर, हे कसं? आत्याला एमडीएस (बोन मॅरोत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार) झाला तेव्हा आम्हीही याच कोड्यात होतो.

नानांना लोह कमी नाहीच. त्यांच्या बोन मॅरोत धड रक्तपेशी तयार होत नाहीत, म्हणून रक्त चढवावं लागतं. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि बाहेर पडतं रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम. उरलेलं यकृतात, हृदयात साचत राहतं. घरी येणारा प्रत्येक जण बीट, खजूर आणि टॉनिक सुचवणार. लोहाचं टॉनिक अजिबात देऊ नकोस. खजूर नानांना आवडतो ना, मग एखादा खाऊ दे. पथ्याच्या नावाखाली त्यांचं जेवण बेचव करू नका. पण लोहाच्या धास्तीने रक्त चढवणं मात्र लांबवू नका. धाप लागलेल्या माणसाला रक्त आधी.

साचलेलं लोह अंगाबाहेर काढणाऱ्या डेफेरासिरॉक्स या औषधाची पाण्यात विरघळणारी गोळी आत्याला सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी द्यायचो. ग्लासभर पाण्यात ढवळली की पांढरट गढूळ पाणी होतं. ते पिऊन झालं तरी तळाशी गाळ राहतो. त्यात पुन्हा थोडं पाणी घालून तोही द्यायचा, नाहीतर डोस अपुरा पडतो. सुरुवातीला तिला जुलाब झाले, तेव्हा डॉक्टरांनी डोस कमी केला.

खरी काळजी मूत्रपिंडांची, त्यातून नानांचं वय. दर महिन्याला क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नकोस. वर्षातून एकदा डोळे आणि कान. उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात ठरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का ते विचार. आणि गुडघ्यांसाठी नाना मनाने पेनकिलर घेतात, ते आधी बंद कर. या औषधासोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्यांच्या प्लेटलेट्सही कमी आहेत.

फेरिटिनच्या एका आकड्याने हबकू नकोस, साध्या तापानेही तो चढतो. हृदयात किती लोह साचलंय ते टी-टू-स्टार एमआरआयमध्ये कळतं. तो करायचा का, आणि नानांचा आजार कमी जोखमीचा की जास्त, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. या गोळ्यांचा त्यांना किती उपयोग, हे बरंचसं त्यावर ठरेल. नानांसमोरच विचार. त्यांनाही ते ऐकायचं असेल.

रिपोर्ट आले की फोटो पाठव. काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र