सकाळ आदल्या रात्री सुरू होते

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी उठल्यापासून पळापळ आणि ट्रेनमध्ये बसल्यावर आठवतं की डबा ओट्यावरच राहिला, असं तू फोनवर म्हणालीस. त्यावर पहाटे पाचला उठायचं, योगासनं करायची, कोमट पाणी प्यायचं आणि डायरी लिहायची, असं सगळं एकदम सोमवारपासून धरलंस, तर गुरुवारपर्यंत सुटेल हे आत्ताच लिहून देते. झोपेतून उठल्यावर अर्धा तासभर डोकं जड असतं. त्या वेळात नव्याने काहीही ठरवायला लागलं की माणूस पांघरुणात परत शिरतो. म्हणून ठरवायचं ते रात्रीच ठरवून टाकायचं.

आधी कागद घे आणि उलटा हिशेब मांड. तुझी लोकल ७.५२ ची. स्टेशनपर्यंत चालत १२ मिनिटं, पूल चढून डब्याच्या जागेवर उभं राहायला ५, आणि ५ हाताशी जादा. म्हणजे ७.३० ला दाराला कुलूप. चपला, बॅग, गॅस बघणं यांची ५ मिनिटं लोक धरतच नाहीत, आणि गाडी चुकते ती नेमकी तिथे. ती धरून ७.२५. नाश्ता १५, अंघोळ-कपडे ३०, डबा २५, तोंड धुणं आणि चहा १०. उठायचं ६.०५ ला. सात तास तरी झोप हवी, म्हणजे पावणेअकराला दिवा बंद. हा आकडा अवघड वाटला तर पहाट पुढे ढकलून उपयोग नाही, रात्रीचं काही तरी कमी कर. संध्याकाळी पाचनंतरचा चहाही त्यातच धर. पाच-सहा तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं.

आता डबा, कारण खरी ओढाताण तिथेच आहे. ‘आज काय करू?’ हा प्रश्न सकाळी सव्वासहाला पडता कामा नये. वारांना भाज्या बांधून टाक. पालेभाजी बाजारातून आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत, दुधी-गवार नंतर, मंगळवारी मटकीची उसळ. मटकी रविवारी सकाळी आठला भिजत घाल, संध्याकाळी सहाला पूर्ण निथळून ओल्या फडक्यात सैल बांध, सोमवारी सकाळी मोड दिसतील. मग ती मटकी डब्यात भरून फ्रिजमध्ये, मंगळवारी वीस मिनिटांत उसळ. थंडीत मोडांना आणखी निम्मा दिवस लागतो. चिकट होऊन वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं किंवा गाठोडं घट्ट आवळलं होतं, असं समज. ती मटकी टाकून दे, धुऊन वापरू नकोस.

भेंडी रात्रीच धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून चिर, नाहीतर सकाळी तारा सुटतात. बटाटा चिरून ठेवलास तर पाण्यात बुडवून ठेव, उघड्यावर काळा पडतो. कणीक रात्री मळली की वरून तेलाचा हात लाव आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेव. हवा लागली की ती करडी होते. उठल्याबरोबर बाहेर काढ. गार कणकेची पोळी लाटताना मागे ओढली जाते, कडा जाड राहतात आणि दोष लाटण्याला जातो. चोवीस तासांपलीकडे ठेवू नकोस.

गीझर १५ लिटरचा आणि २ किलोवॅटचा असेल, तर २५ अंशांचं पाणी ५५ पर्यंत न्यायला साधारण सोळा मिनिटं लागतात. भाजी फोडणीला टाकलीस की बटण दाब, पोळ्या होईपर्यंत पाणी तयार. तिघीत एक बाथरूम आहे, तेव्हा पाळ्या ठरवून घ्या. एकीने रात्रीच अंघोळ केली तर निम्मी भांडणं संपतील.

गजरासाठी मोबाईल नको. गजर बंद करायला हातात घेतला की मेसेज दिसतात आणि वीस मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. स्नूझची नऊ-नऊ मिनिटं झोप मोडतात, देत काहीच नाहीत. साधं घड्याळ घे आणि अंथरुणातून हात पोचणार नाही असं ठेव. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. चहा गॅलरीत उभ्याने घे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्री झोप आपोआप लवकर येते.

हे सगळं एकदम करू नकोस, एकच धर. आणि नवी गोष्ट जुन्या गोष्टीला अडकव: रात्री स्वतःचं ताट घासलंस की तिथेच डबा घासायचा, पुसायचा आणि बॅगेशेजारी ठेवायचा. किल्ली, पास, ओळखपत्र दाराजवळच्या एकाच खुंटीवर. एवढंच. पहिले पंधरा दिवस दुसऱ्या कशाला हात लावू नकोस. मग कणीक, मग घड्याळ.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, त्यावर विसंबू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातली कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. तेव्हा बुधवारी डबा घासायचा राहिला म्हणून सगळं सोडू नकोस, गुरुवारी घास. रविवारी मात्र तासाभराहून जास्त उशिरा उठू नकोस. दहाला उठलीस की रात्री झोप येत नाही आणि सोमवारची ६.०५ जीवावर येते.

घड्याळाचा सेल आत्ताच जास्तीचा एक आणून ठेव. आणि कणकेसाठी झाकण घट्ट बसणारा डबा तुझ्याकडे नसेल तर कळव, येणाऱ्या कोणाबरोबर पाठवते.

तुझी,
आई