चार हुतात्म्यांची पोस्ट कोणत्या कारणाने काढली?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : पोस्ट काढल्याबद्दल व खात्यावर ३० दिवसांची बंदी घातल्याबद्दल तक्रार

महोदय/महोदया,

मी सोलापूरच्या साखर पेठेत चादरी आणि टॉवेलचं दुकान चालवतो. गेली नऊ वर्षं तुमच्याकडे खातं आहे आणि दुकानाच्या जाहिरातींचे पैसे मी दर महिन्याला भरतो.

१२ जानेवारीला सकाळी मी हुतात्मा चौकात गेलो होतो. पुतळ्यांना झेंडूचे ताजे हार घातले होते, खाली पायरीवर कुणी तरी उदबत्ती लावली होती. फोटो काढून मी दोनच ओळी लिहिल्या : 'मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १९३१ साली आजच्या दिवशी येरवड्यात इंग्रजांनी यांना फाशी दिली.' दुपारपर्यंत पोस्ट गेली. 'हिंसक व्यक्तींचा गौरव' एवढंच कारण आलं. खाली दाद मागण्याचं बटण होतं, ते दाबलं. दोन मिनिटांत 'निर्णय कायम'. दोन मिनिटांत कोण वाचतं हो? आणि ज्याने वाचलं त्याला मराठी येत होतं का?

सोलापुरात शाळकरी मुलांनाही ही चार नावं पाठ असतात. १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला होता. कुर्बान हुसेन तर स्वतः वर्तमानपत्र चालवायचे. त्यांचं नाव 'फाशी' या शब्दाशेजारी आलं म्हणून यंत्राने त्यांना हिंसक ठरवावं, याचं मला फार वाईट वाटलं. ते शब्दांत सांगता येत नाही.

संविधानाच्या कलम १९मधली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी मुळात सरकारविरुद्ध आहे, तुमची कंपनी खासगी आहे आणि तिथे काय राहावं याचे नियम तुम्ही करू शकता, हे मला मान्य आहे. शिवीगाळ, धमक्या, खोट्या बातम्या काढाव्यातच. पण २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला ४(८) वाचा. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढताना आधी कळवायचं, कारण सांगायचं आणि बाजू मांडायला पुरेशी संधी द्यायची. मला आधी काही कळवलं नाही, कारण म्हणून तीन शब्द आले आणि बाजू मांडायची संधी मिळाली ती दोन मिनिटांची.

त्यात बंदीमुळे दुकानाच्या ऑर्डरी बंद पडल्या. लग्नसराईच्या तोंडावर गिऱ्हाईक मेसेज करतंय आणि मला उत्तर देता येत नाही. जाहिरातीचे पैसे मात्र त्याच आठवड्यात कापले गेले.

माझं मागणं साधं आहे. मराठी वाचता येणाऱ्या माणसाने ती पोस्ट पाहावी आणि परत लावावी. खातं उघडावं, बंदीच्या दिवसांचे जाहिरातीचे पैसे परत द्यावेत. पोस्ट परत लावायची नसेल, तर तुमच्या नियमातली नेमकी कोणती ओळ मी मोडली ते लेखी कळवा.

या तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी, असं त्याच नियमांत आहे. तुमचं उत्तर आलं आणि ते मला पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत मी केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाणार आहे. पोस्टचा फोटो, तुमचे दोन्ही संदेश आणि जाहिरातीची पावती सोबत जोडली आहे.

आपला,
एक खातेदार
साखर पेठ, सोलापूर