ताई, अंटार्क्टिकाचा बर्फ वाचायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. दापोली-गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाडीकाठच्या शाळांत भूगोल शिकवणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. एखादी शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर माहेरच्या घरी राहायला येते आणि ओटीवर आठवी-नववीच्या मुलांना घेऊन बसते, तेव्हा काय काय होऊ शकतं हे त्यांना कळावं अशी माझी इच्छा आहे.

आमच्या मुलांच्या घरी उपग्रह नवा नाही. वडील मासेमारीला निघण्याआधी हैदराबादच्या केंद्राकडून आलेली माहिती बघतात. समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग उपग्रहातून मोजून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, ते त्यात असतं. पण असेच उपग्रह दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावरून जातात, आणि तिथे ते जे मोजतात त्याचा आपल्या खारबंधाऱ्याशी, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाशी, संबंध आहे, हे त्यांना तुमच्यामुळे कळलं. खरं सांगायचं तर मलाही.

मुलांचा पहिलाच प्रश्न बिनतोड होता. आइस शेल्फ म्हणजे किनाऱ्याला जोडलेली पण समुद्रावर तरंगणारी बर्फाची प्रचंड लादी. ती आधीच तरंगत असेल तर वितळल्यावर समुद्र वाढेल कसा? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी मागवलीत, खाडीच्या पाण्याने भरलेल्या टपात ती सोडलीत आणि पाण्याच्या पातळीवर रेघ मारायला लावलीत. लादीचा जेमतेम दहावा भाग वर होता. संध्याकाळपर्यंत सगळी लादी विरघळली आणि पाणी रेघेवरून हललं नाही म्हटलं तरी चालेल. त्या टपातून मुलांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे तरंगत्या बर्फाने समुद्र फारसा वाढत नाही. दुसरी म्हणजे पाण्यावर दिसणारा भाग मोजला की पाण्याखालची जाडी काढता येते. क्रायोसॅट-२ हा उपग्रह २०१० पासून रडारने आणि आइससॅट-२ हा २०१८ पासून लेसरने हेच करतो. आइससॅट-२ सेकंदाला दहा हजार वेळा प्रकाशाचा ठोका खाली सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून बर्फाची उंची काढतो. शेल्फचा पृष्ठभाग एक मीटर खाली आला तर त्याची जाडी साधारण नऊ मीटरने घटली असणार, हा हिशोब आता आमची मुलं फळ्यावर न अडखळता करतात.

मग तुम्ही विचारलंत, "तरंगतंय ते राहू द्या. त्याच्या मागे जमिनीवर काय आहे?"

लार्सन बी या शेल्फची ती चित्रं मी विसरू शकत नाही. ३१ जानेवारी २००२ च्या चित्रात शेल्फ अखंड आहे, फक्त त्यावर वितळलेल्या पाण्याच्या निळसर डबक्यांच्या रांगा आहेत. ७ मार्चच्या चित्रात तिथे बर्फाचा नुसता चुरा. सुमारे २२० मीटर जाड आणि ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ जेमतेम पाच आठवड्यांत गेला. डबक्यांतलं पाणी भेगांत शिरलं, आणि बर्फापेक्षा जड असल्यामुळे ते भेगा फाकवत तळापर्यंत गेलं, हे तुम्ही चित्रावर बोट ठेवून दाखवलंत. आणि थांबलात. मुलांनीच विचारावं म्हणून थांबलात. नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मग मागच्या हिमनद्यांचं काय झालं?" त्यांचा वेग दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढला होता. शेल्फ गेल्याने समुद्र वाढला नाही. पण शेल्फने मागच्या हिमनद्यांना दिलेला टेकू गेला आणि जमिनीवरचा बर्फ अधिक वेगाने समुद्रात उतरू लागला. वाढ तिथून येते. एवढी एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसवलीत, ताई, यासाठी मी कायम तुमची ऋणी राहीन.

रडारची चित्रं वाचायला शिकवलंत तेही असंच. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगातून आणि अंधारातून दिसत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, त्यामुळे त्या महिन्यांतली आपली चित्रं म्हणजे पांढरा पडदा. रडार मात्र स्वतः लहरी सोडतं आणि परत आलेली लहर नोंदवतं. तुम्ही भर पावसातलं आपल्या खाडीचं रडारचित्र आधी दाखवलंत. शांत पाणी काळं, कारण लहर त्यावरून आपटून दुसरीकडे निघून जाते. कांदळवन उजळ, कारण फांद्यांत आणि मुळांत फिरून ती परत येते. मुलांनी आपापली वाडी, धक्का, खाजण शोधून काढलं. आपला किनारा वाचता आल्यावरच तुम्ही त्यांना लार्सन सी शेल्फकडे नेलंत. तिथे जुलै २०१७ मध्ये ए-६८ हा हिमनग सुटला तेव्हा ध्रुवावर रात्र होती, आणि सेंटिनेल-१ या युरोपच्या उपग्रहाच्या रडारने भेगेचा प्रवास त्या अंधारातही टिपला होता. हिमनग ५,८०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून मोठा.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा दिवस भरतीचा होता. बर्फ जमिनीवर टेकलेला कुठे संपतो आणि तरंगायला कुठे लागतो ती रेषा उपग्रहाला कशी कळते, हे तुम्हाला सांगायचं होतं. शेकडो मीटर बर्फाखालची ती जागा वरून दिसत नाही. तुम्ही एका मुलाच्या वडिलांना, आमच्या तांडेलकाकांना, बोलायला सांगितलंत. ते म्हणाले, सुकतीला होडीची पाठ पुळणीवर टेकलेली असते आणि तोंड पाण्यात. भरती चढू लागली की तोंड आधी उचलतं, पाठ जागची हलत नाही. कुठे टेकलीय ते बघायला खाली वाकावं लागत नाही, होडी कुठून वाकडी उचलते त्यावरून कळतं. तुम्ही म्हणालात, रडारचा उपग्रह हेच करतो. एकाच जागेची दोन वेळची मोजणी एकमेकींवर ठेवली की भरतीबरोबर बर्फ किती सेंटिमीटर उचलला ते दिसतं. जिथे उचलणं सुरू होतं, तीच ग्राउंडिंग लाइन. १९९१ साली सोडलेल्या युरोपच्या ईआरएस-१ पासून ही रेषा अशी शोधली जाते. पश्चिम अंटार्क्टिकातल्या पाइन आयलंड हिमनदीची ही रेषा १९९२ ते २०११ या काळात मध्यभागी सुमारे ३१ किलोमीटर आत सरकली. खोल समुद्रातलं तुलनेने उबदार पाणी शेल्फच्या खाली शिरून त्याला तळातून झिजवतं, म्हणून. तांडेलकाका शाळेच्या पालकसभेला आले तरी मागच्या बाकावर बसायचे. त्या दिवशी त्यांनी मुलांसमोर बोलावं असं तुम्हाला वाटलं, आणि त्यांचं बोलणं तुम्ही शास्त्राच्या शेजारी, त्याच मानाने ठेवलंत.

"अंटार्क्टिका इतकी लांब, आपल्याला काय?" या प्रश्नालाही तुम्ही भावनेने उत्तर दिलं नाहीत. एवढा मोठा बर्फाचा साठा आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ कमी होते, जवळचं पाणी उतरतं आणि वाढ लांबच्या किनाऱ्यांच्या वाट्याला जास्त येते. म्हणजे लांब असणं हे संरक्षण नाहीच. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेसच्या जोडउपग्रहांनी याच गुरुत्वाकर्षणातला बदल मोजून बर्फाचं वजन घटताना दाखवलं. हे ऐकून वर्गात कुणी बोललं नाही, मग एकाने खारबंधाऱ्याची उंची विचारली. उधाणाला बंधारा फुटला की भातजमिनीत खारं पाणी किती काळ राहतं, हे त्या मुलाच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणि तुमच्या खरेपणाबद्दल वेगळं लिहायला हवं. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी फलक केला होता: "आपलं गाव बुडणार!" तुम्ही रागावला नाहीत. कुठल्या मोजणीवरून, एवढंच विचारलंत, आणि मुलांनी स्वतःहून तो फलक बदलला. हिमनग सुटणं हा प्रत्येक शेल्फच्या जगण्याचाच भाग आहे, हेही तुम्ही लपवलं नाहीत. अंटार्क्टिकातल्या भारती या आपल्या संशोधन केंद्राच्या बाजूच्या अमेरी शेल्फमधून सप्टेंबर २०१९ मध्ये १,६०० चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा सुटला, पण त्याला शास्त्रज्ञांनी नेहमीच्या चक्राचा भाग मानलं. काळजी कशाची करायची? सुटलेला तुकडा भरून निघत नाही, जाडी वर्षामागून वर्ष घटते, टेकलेली रेषा आत सरकते, त्याची. भीती घालणं सोपं होतं, मुलं लगेच ऐकतात. तुम्ही त्यांना मोजायला लावलंत. शिक्षक म्हणून मी तुमच्याकडून घेतलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

३० जुलै २०२५ च्या संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून निसार निघाला, तेव्हा तुमची ओटी भरून मुलं पायऱ्यांवर उभी होती. इस्रो आणि नासाचा तो रडार उपग्रह दर बारा दिवसांनी तीच जमीन आणि तोच बर्फ पुन्हा मोजणार, हे तुम्ही सांगत होतात आणि तुमचा आवाज भरून आला होता. आयुष्यभर दुसऱ्या देशांच्या रडारची माहिती मागून काम केलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल, ते आम्ही पाहिलं.

आमच्याकडे रेंज नसते म्हणून चित्रं पेनड्राइव्हवर भरून आणून देणं, प्रत्येकाच्या वहीतल्या आकृतीवर स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिणं, आणि वयाची ऐंशी ओलांडलेल्या तुमच्या आईंनी त्या गोंगाटातही सगळ्यांना कोकम सरबत देणं, याचेही आभार. आईंना माझा नमस्कार सांगा.

शेजारच्या दोन शाळांतल्या शिक्षकांनी ती चित्रं आणि तुमच्या टिपणांच्या प्रती मागितल्या आहेत. तुमचा होकार असेल तर दिवाळीच्या सुट्टीत मुलांकडूनच त्यांचे संच तयार करून घेते. बर्फाची लादी मागवायचं काम तांडेलकाकांनी आधीच आपल्याकडे घेतलं आहे.

आपली कृतज्ञ,
खाडीकाठच्या शाळेतली भूगोलाची शिक्षिका