विषय : आम्ही लाकूड उचलतो, पीक घेत नाही

प्रति,
विक्रीपश्चात सेवा प्रमुख,
ट्रॅक्टर व जोडअवजारे विभाग

कालचा फोन अठ्ठेचाळीस मिनिटं चालला. त्यातली एकतीस मिनिटं बासरी ऐकली. उरलेल्या सतरा मिनिटांत काय झालं ते पुढे लिहितो. तुमचे कॉल रेकॉर्ड होतात असं बासरीच्या मध्ये मध्ये एक बाई सांगते, पण ते ऐकतं कोण हे सांगत नाही.

मी बोरिवलीत सोसायट्यांच्या झाडांची छाटणी करतो. महापालिकेची परवानगी आली की पावसाच्या आत फांद्या उतरवायच्या आणि सगळा माल गेटबाहेरच्या टेम्पोपर्यंत न्यायचा. जेसीबी आमच्याकडच्या गेटांतून शिरत नाही, शिरलाच तर पेव्हर ब्लॉक उखडून ठेवतो. म्हणून चार फुटी छोटा ट्रॅक्टर घेतला, पुढे लोडर, म्हणजे ओझं उचलायचे हात, लावला आणि लोडरला पंजा, म्हणजे तुमचा तो ग्रॅपल. ट्रॅक्टर तुमचा, लोडर तुमचा, पंजाही तुमचाच. तिघांची सोयरीक जुळते की नाही हे बघायचं काम गिऱ्हाइकाचं नव्हतं.

शोरूममध्ये मी चार फुटी, एका जबड्याचा, हलका पंजा मागितला होता. तुमच्या माणसाने दोन जबड्यांचा गळ्यात मारला. म्हणे एकीकडे जाड ओंडका आणि दुसरीकडे बारीक फांद्या आल्या तरी दोन्ही जबडे आपापले मिटतात. खरं आहे, मिटतात. पण हा पंजा पाच फूट रुंद आणि २१५ किलोचा. तुमच्याच पुस्तिकेत लोडरची क्षमता ४५० किलो लिहिलीय, तीही पिनपाशी, म्हणजे पंजा लोडरला जिथे अडकतो तिथे. पंजाचं वजन त्यातूनच वजा होतं. राहिले २३५. ओंडका बसतो पिनेच्या हातभर पुढे, म्हणजे त्याहूनही कमी. गुलमोहराचा फूटभर जाडीचा, आठ फुटी ओला ओंडका पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतो. एक उचलला की संपलं. पुस्तिकेच्या कव्हरवर मात्र याच पंजात असा बुंधा दाखवलाय की खाली बसून गावची ग्रामसभा घ्यावी.

आता तिसरी लाइन. लोडर वर-खाली करायला एक, पुढचं तोंड वाकवायला दुसरी आणि जबडा उघडायला-मिटायला ऑइलची तिसरी. ती आमच्या ट्रॅक्टरला नाही, हे पैसे भरेपर्यंत कोणी बोललं नाही. डिलिव्हरीला आलेल्या फिटरने पंजाचे दोन होज पाईप हातात धरले आणि मलाच विचारलं, ‘‘हे कुठे लावू?’’ ही लाइन काढायला तिसऱ्या व्हॉल्व्हचं किट वेगळं, ३८,००० रुपये! तोवर जुगाड म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या ऑइलच्या कपलरवरून लांब पाईप ओढलाय. ओंडका पुढे, लिव्हर मागे, आणि मी मध्ये मान मोडून बसलेला.

पुढचा भार तोलायला मागे किती वजन लावायचं तेही कोणी सांगितलं नाही. एका सोसायटीच्या रॅम्पवरून ओंडका घेऊन उतरताना मागची चाकं चार बोटं उचलली गेली. वॉचमन म्हणाला, ‘‘शेठ, ट्रॅक्टर नमस्कार करतोय.’’ तो हसला. मी पंजा जमिनीला टेकवून दहा मिनिटं तिथेच बसलो. पाय लटपटत होते.

हे सगळं सांगायला काल फोन केला. ताईंनी पहिला प्रश्न विचारला : गाव?

‘‘मुंबई.’’

‘‘सर, मुंबई गावात येत नाही. तालुका सांगा.’’

‘‘बोरिवली.’’ सुदैवाने बोरिवली हा तालुका आहेच, तुमच्या यादीत सापडला. मला वाटलं, सुटलो.

‘‘जमीन किती एकर?’’

‘‘जमीन नाही. वन बीएचके आहे.’’

‘‘सर, एकर भरल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही.’’

‘‘मग शून्य टाका.’’

‘‘शून्य घेत नाही, सर.’’

एक एकर टाकला. बोरिवलीत एक एकर! घरी सांगितलं तर बायको पेढे वाटेल.

‘‘पीक कोणतं?’’

मी म्हटलं, ‘‘गुलमोहर.’’ रागाने म्हटलं हो. त्यांनी टाइप केलं. मला की-बोर्ड ऐकू आला. मग मला ‘तज्ज्ञां’कडे जोडलं. लोडरची क्षमता आणि पंजाचं वजन मी दोनदा सांगितलं. तिकडून शांतता. मग, ‘‘काका, मुंबईत ट्रॅक्टर कशाला घेतलात? शेतीचं यंत्र आहे ते. आणि जड होतंय ना, मग छोटं लाकूड उचला.’’

छोटं लाकूड मी हाताने उचलतो, महाशय. गेली बावीस वर्षं उचलतोय. त्यासाठी कर्ज काढलेलं नाही.

संध्याकाळी मेसेज आला : तक्रार निकाली. त्याखाली दुसरा : ‘शेतकरी बंधू, गुलमोहर काढणीनंतरच्या मशागतीसाठी रोटाव्हेटरवर खास सूट.’

विकताना तुमच्या माणसाने तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या : उचलायचं काय, जायचं कुठून, लोडर पेलतो किती. फांद्या उचलणाऱ्याला हलका पंजा पुरतो, दगड आणि मुळं उपटणाऱ्याला जड लागतो. हे मला एका भंगारवाल्याने फुकट सांगितलं. आणि तिसऱ्या लाइनीचं मी पुन्हा लिहितो, कारण फोनवर चार वेळा सांगूनही ते कुठे नोंदलेलं नाही : ज्या ट्रॅक्टरला तिसरी लाइन नाही त्याला पंजा विकणं म्हणजे बिनानळाच्या घरात शॉवर बसवणं.

हा पंजा परत घ्या. चार फुटी, एका जबड्याचा, शंभर-सव्वाशे किलोपर्यंतचा द्या, फरकाचे पैसे परत करा आणि व्हॉल्व्हचं किट तुमच्या खर्चाने बसवा. पंधरा दिवसांत झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. धंद्यासाठी घेतलंय म्हणून हा ग्राहकच नाही, असं तुमचा वकील म्हणेल. त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा नीट वाचायला सांगा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात वेगळी काढलेली आहे. ट्रॅक्टर मी स्वतः चालवतो. मानदुखीचा एक्स-रे सोबत जोडलाय.

वडिलांच्या शेतावर तुमच्याच कंपनीचा ट्रॅक्टर होता. त्याचा फोटो अजून आमच्या हॉलमध्ये आहे. काढलेला नाही.

पंजा न्यायला टेम्पो पाठवाल तेव्हा छोटा पाठवा. मोठा आमच्या गल्लीत वळत नाही. गल्ली किती रुंद आहे ते निघण्याआधी विचारा.

बिल क्रमांक आणि चासी नंबर पाकिटावर लिहिला आहे.

आपला,
एक एकर गुलमोहराचा मालक